वर्ध्यातील जपानी भिक्षू आणि त्यांची नावे

वर्ध्याजवळ गोपुरी येथे गीताई मंदिरालगत 1993 मध्ये खुला झालेला विश्वशांती स्तूप ज्यांच्या प्रेरणेने उभा राहिला, त्या निप्पोनझान म्योहोजी संघाच्या संस्थापकांना विदर्भात ‘फुजी गुरुजी’ या नावाने ओळखले जाते. जपानी पुरुषनामांच्या परंपरेकडे पाहण्यासाठी हे नाव उपयोगी आहे, कारण त्यातला कोणताही भाग आईवडिलांनी ठेवलेला नाही.

पूर्वीच्या जपानमध्ये, विशेषतः वरच्या थरांत, पुरुषाचे नाव आयुष्यभर एकच राहत नसे. बालपणी एक नाव असे, ज्याच्या शेवटी बहुधा ‘मारो’ किंवा ‘मारू’ येई. ‘गेनपुकु’ हा वयात येण्याचा संस्कार झाला की ते टाकून प्रौढ नाव घेतले जाई. शिवाय तारो, जिरो, साबुरो अशी पहिला, दुसरा, तिसरा मुलगा दर्शवणारी नावे रोजच्या व्यवहारात चालत. बालनावांत दृष्ट टाळण्याची धडपडही दिसते. सोळाव्या शतकातील सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने 1589 मध्ये जन्मलेल्या मुलाला ‘सुते’, म्हणजे टाकून दिलेला, असे नाव ठेवले. ते मूल दगावल्यावर 1593 मध्ये झालेल्या मुलाला ‘हिरोई’, म्हणजे उचलून आणलेला, असे म्हटले. मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू, केरबा अशी नावे ठेवणाऱ्या महाराष्ट्राला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. मेजी राजवटीने 1872 मध्ये एका माणसाला एकच नाव असा नियम केल्यावर ही बहुनामी पद्धत सरकारी दप्तरातून गेली. धर्मसंघांत मात्र दीक्षेचे नाव टिकले.

दीक्षानामाचा तो धागा तेराव्या शतकापर्यंत मागे जातो. निचिरेन (1222–1282) या सुधारक भिक्षूचे बालनाव झेन्निचिमारो होते. त्यांनी 1253 मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नामजपाचा पुकारा केला आणि ‘निचि’ म्हणजे सूर्य व ‘रेन’ म्हणजे कमळ या दोन चिनी लिपिचिन्हांचे नाव धारण केले. त्यांच्या सहा प्रमुख शिष्यांची नावे निश्शो, निचिरो, निक्को, निको, नित्चो आणि निचिजी अशी होती. उच्चार बदलत गेला तरी सूर्याचे चिन्ह सर्वांत पहिले आहे. आडनाव रक्ताचे नाते सांगते, तसे हे चिन्ह गुरुपरंपरेचे नाते सांगते. देशाच्या ‘निप्पोन’ या नावातही, आणि म्हणून संघाच्या नावातही, तेच चिन्ह आहे.

1885 मध्ये क्यूशू बेटावरील आसो भागात जन्मलेल्या फुजी गुरुजींचे, म्हणजे फुजीई यांचे, नाव याच साखळीतले आहे: ‘निचि’ला ‘दात्सु’, म्हणजे पोहोचणे किंवा पार पडणे, हे चिन्ह जोडून ‘निचिदात्सु’ झाले. या दोन चिन्हांचे सलग वाक्य करून अर्थ सांगण्याचा मोह टाळावा, कारण जपानी नावात अर्थ असतो, विधान नसते. त्यांचे आधीचे भिक्षुनाव ग्योशो होते. त्यातील ‘ग्यो’, म्हणजे आचरण, हे चिन्ह पुढे ग्योर्यो मारुयामा, ग्योत्सू सातो अशा शिष्यांच्या नावांतही उतरले.

1931 मध्ये भारतात आलेल्या फुजीई यांची 4 ऑक्टोबर 1933 रोजी वर्ध्यात गांधीजींशी भेट झाली. ‘गुरुजी’ हे संबोधन गांधीजींकडूनच मिळाले, असे संघाच्या परंपरेत सांगितले जाते. हातातल्या पंख्यासारख्या चपट्या ढोलावर ठेका धरून होणारा त्यांचा ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा जप सेवाग्रामच्या आश्रमप्रार्थनेत प्रारंभीच म्हटला जाऊ लागला, आणि मंत्र उच्चारात थोडा बदलला तरी त्याचे स्थान टिकले.

शेजारच्या नागपुरात नावाचा प्रवास आणखी पुढे गेला. ओकायामा प्रांतात 1935 मध्ये जन्मलेल्या मिनोरू ससाई यांना दीक्षेत ‘शुरेई’, म्हणजे उत्तुंग शिखर, हे नाव मिळाले. मराठी जिभेवर ते ‘सुरई’ झाले, त्याला आर्य नागार्जुन हे भारतीय नाव जोडले गेले, आणि भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई हेच रूप सर्वत्र रुळले.

‘फुजी’ या लेखनात मात्र घोटाळा आहे. फुजी पर्वताचे नाव आणि ‘फुजीई’ हे आडनाव वेगळे असून दुसऱ्याची चिन्हे एका फुलवेलीची व विहिरीची आहेत. बोलण्यात ‘फुजी गुरुजी’ चालेल, पण वर्ध्याचा इतिहास लिहिताना ‘फुजीई’ असेच लिहावे.