रेवती (तारा)

मीन राशीतील एक अंधुक तारा. पाश्चात्त्य नाव झीटा पिशियम. सत्तावीस नक्षत्रांपैकी शेवटच्या रेवती नक्षत्राचा हा योगतारा मानला जातो. दृश्य प्रत 5.2, म्हणजे नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेला टेकलेली. अंतर सुमारे 174 प्रकाशवर्षे. लहान दुर्बिणीतून पाहिल्यास याच्यापासून 23 विकलांवर सहाव्या प्रतीचा जोडीदार सहज सुटा दिसतो. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने 2018 मध्ये यांतील मुख्य ताऱ्याला ‘रेवती’ हे अधिकृत नाव दिले.

देहूरोडसारख्या ठिकाणाहून हा तारा ओळखणे ही डोळ्यांची खरी परीक्षा आहे. पूर्वेला पिंपरी-चिंचवडचा उजेड आकाशात चढलेला असतो, महामार्गाचे दिवे वेगळेच. त्यात एक सोय अशी की, नोव्हेंबरअखेर रात्री नऊच्या सुमारास रेवती मध्यमंडलावर येतो तेव्हा तो खस्वस्तिकापासून जेमतेम 11 अंश दक्षिणेला असतो आणि आकाशाचा तेवढा भाग त्यातल्या त्यात काळा राहतो. भाद्रपदांच्या चौकोनाच्या दक्षिण-पूर्वेला मीनेचे डेल्टा, एप्सिलॉन आणि झीटा हे तीन तारे जवळपास एका रेषेत आहेत. त्यांतला पूर्वेकडचा आणि सर्वांत मंद तो रेवती. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी, डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि ताऱ्यावर रोखून न पाहता नजर किंचित बाजूला ठेवावी. शहरी उजेडात एवढे करूनही द्विनेत्री लागण्याचीच शक्यता अधिक.

इतक्या मंद ताऱ्याला पंचांगात मान मिळाला तो जागेमुळे. रेवती क्रांतिवृत्तापासून पाव अंशाहूनही जवळ आहे. सूर्यसिद्धान्तात रेवतीचा ध्रुवक 359 अंश 50 कला दिला आहे, म्हणजे निरयन राशिचक्राचा आरंभ याला जवळजवळ लागूनच होतो. संपातबिंदू मात्र दरवर्षी सुमारे 50 विकला मागे सरकतो. त्याचे आरंभापासूनचे अंतर म्हणजे अयनांश, आणि ते मोजायचे तर आरंभाची खूण आकाशात पक्की हवी.

याच खुणेवरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पटवर्धनी पंचांगासाठी झीटा पिशियम हाच आरंभ धरला. त्यांचे शिष्य लोकमान्य टिळकही रेवतीपक्षाचे होते. व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रापक्ष मांडला : चित्रा हा पहिल्या प्रतीचा ठळक तारा 180 अंशांवर धरायचा. वेधाच्या दृष्टीने हा युक्तिवाद भक्कम आहे, कारण चित्रा कोणता याबद्दल कुणाला शंका येत नाही, तर रेवतीच्या परिसरात सगळेच तारे मंद. रेवतीपक्षाची बाजूही दुबळी नव्हती. आरंभबिंदू रेवतीपाशी असल्याचे ग्रंथच सांगतात. दोन्ही मतांच्या अयनांशांत जवळपास 4 अंशांचा फरक पडतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने 1955च्या अहवालात चित्रापक्षाशी जुळणारे अयनांश स्वीकारले.

टिळक पंचांगात रेवतीपक्ष आजही चालू आहे. सूर्य 4 अंश सुमारे चार दिवसांत चालतो, म्हणून त्यातली मकरसंक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते, इतरांची 14 किंवा 15 तारखेला. मधल्या दिवसांत अमावास्या पडली की अधिक मास बदलू शकतो. मग टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत गणपतीसुद्धा शेजाऱ्यांपेक्षा महिनाभर आधी बसतात.