खमतखामणा: खलित्यापासून फॉरवर्डपर्यंत



‘मिच्छामि दुक्कडम्’ लिहून पाठवायची पद्धत मोबाइलने आणली, असे घरातल्या तरुण मुलींना वाटते. तसे नाही. लिहून क्षमा मागायची आपली रीत निदान चारशे वर्षे जुनी आहे. तिच्यात काय बदलले आणि कोणी बदलले, हे यंदा पर्युषणाच्या आधी नीट मांडावेसे वाटले.

चातुर्मासात आपले साधू-साध्वी विहार करत नाहीत. एका गावी थांबले की चार महिने तिथेच. मग दुसऱ्या गावच्या संघाने आपल्या आचार्यांना खमवायचे कसे? त्यासाठी विज्ञप्तिपत्र पाठवत. हा कागदाचा लांबच लांब खलिता असे. वरच्या भागात मंगलचिन्हे, तीर्थंकरांच्या मातेला पडलेली स्वप्ने, मग गावाचे रस्ते, बाजार, मंदिरे, उपाश्रय यांची रंगीत चित्रे, आणि त्याखाली मजकूर. पर्युषण कसे पार पडले, तपश्चर्या किती झाल्या हे कळवून संघ आपल्या अपराधांची क्षमा मागे आणि पुढचा चातुर्मास आमच्याकडे करा अशी विनंती करी. यातले सर्वांत प्रसिद्ध पत्र 1610 सालचे, आग्र्याच्या संघाने तपागच्छाचे आचार्य विजयसेनसूरी यांना पाठवलेले. पर्युषणाच्या दिवसांत जीवहत्या बंद ठेवण्याचे फर्मान जहांगीर बादशहाने दिले, तो प्रसंग शालिवाहन नावाच्या चित्रकाराने त्यात रंगवला आहे.

पुढच्या काळातल्या अशा पत्रांत तर बाजारपेठ दुकानांसकट रंगवलेली दिसते. आमचे गाव बघा किती भरलेले, किती धर्मप्रेमी, इथे या! जाहिरातच ती एक प्रकारची. तेव्हा जाहिरात आणि क्षमापना यांची गाठ आजच पडली असे मी म्हणणार नाही. फरक एवढाच की त्या पत्रात अख्खा संघ एका गुरूची क्षमा मागे. आता एक माणूस अख्ख्या संघाची मागतो.

घरच्या माणसांसाठी मात्र पत्राची गरजच नव्हती. संवत्सरीचे प्रतिक्रमण झाले की स्थानकातच एकमेकींसमोर हात जोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी घरोघर जायचे. सासू सुनेला खमवते, मोठी जाऊ धाकटीला खमवते, दुकानाचा मालक मुनीमजींना. वयाचा आणि मानाचा हिशेब त्या दिवशी उलटा. पत्र असायचे ते लांबच्यांना: सासरी गेलेल्या लेकींना, मामे-मावस नात्यांना, व्यापाऱ्यांच्या पेढ्यांना. हिंदुस्थानात 1879 साली पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि हे काम एकदम स्वस्त झाले. पुढे छापील क्षमापना-पत्रिका निघाल्या. वर तीर्थंकरांचे चित्र, खाली ‘कळत-नकळत मन-वचन-कायेने’ हा मजकूर आणि शेवटी अमुक परिवार. म्हणजे तयार मजकुराचे पापही मोबाइलच्या माथी मारता येत नाही, ते छापखान्याचे. पण पत्ता हाताने लिहावा लागे. शंभर कार्डे म्हणजे शंभर नावे लेखणीखालून जात. एखाद्या नावापाशी हात थांबे. याला पाठवायचे का? गेल्या लग्नात काय बोलला होता! ते थांबणे हेच खरे तर त्या दिवसाचे काम होते.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, आपल्या शास्त्रात त्याचा हिशेबच आहे. श्वेतांबर कर्मग्रंथांत क्रोधादि कषायांच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पंधरा दिवसांत विरतो तो संज्वलन, चार महिने टिकतो तो प्रत्याख्यानावरण, वर्षभर राहतो तो अप्रत्याख्यानावरण, आणि त्याच्याही पुढे जन्मभर धरून ठेवला तो अनंतानुबंधी. तो असेपर्यंत सम्यक्त्वच नाही. आपली पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणे या मुदतींशी जुळतात ती उगीच नाहीत. संवत्सरी ही शेवटची तारीख आहे. वीजबिलाची असते तशी. त्या दिवसापर्यंत ज्याच्याशी वैर आहे त्याच्याशी मिटवायचे. ज्याच्याशी काही बिघडलेलेच नाही, त्याला खमवणे छानच, पण ती मुदत त्याच्यासाठी नाही.

आणि क्षमा मागायची तीही ढोबळ नाही. इरियावहिया आपण रोज म्हणतो, त्यातली यादी आठवा. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीव वेगळे सांगितले आहेत आणि त्यांना कसा त्रास दिला हेही वेगवेगळे: लाथाडले, धुळीने झाकले, घासले, एकमेकांवर आपटले, थकवले, घाबरवले, एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवले, जिवे मारले. मुंगीला जागेवरून हलवले याचीसुद्धा स्वतंत्र नोंद, आणि जावेला चार माणसांत टाकून बोलले ते मात्र ‘कळत-नकळत’ या दोन शब्दांत.

आता फोनाकडे येते. 31 जुलै 1995 रोजी बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला, तो देशातला पहिला. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत, म्हणून लोक नंबर बघून फोन कापत. 2003 साली आलेला फोन फुकट झाला आणि मोबाइल खऱ्या अर्थाने आपल्या स्वयंपाकघरात आला. त्याच काळात मिस्ड कॉल नावाची युक्ती रुजली. पोहोचलो, दूध आण, खाली ये, तुझी आठवण आली, सगळे एका रिंगमध्ये. न बोलता कळवायची सवय आपल्याला पैशांच्या काटकसरीने लावली. पुढे बोलणे जवळजवळ फुकट झाले तरी ती सवय गेली नाही.

मग एसएमएस. रोमन लिपीत लिहिले तर एका संदेशात 160 अक्षरे, देवनागरीत 70च. म्हणून आपले अर्धमागधी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले जाऊ लागले आणि ‘दुक्कडम्’चे कोणी काय काय केले ते विचारू नका. कंपन्यांना सण म्हणजे सुगी हे लवकरच कळले. स्वस्त एसएमएसचा पॅक दिवाळीला, नव्या वर्षाला चालायचा नाही, त्या दिवशी पूर्ण दर. त्याला ब्लॅकआउट डे म्हणत. ज्या दिवशी माणूस माणसाला आठवतो, त्याच दिवशी आठवणीचा भाव चढा.

जाहिरातींचे काम याहून बारीक होते. 1979 साली सुरू झालेल्या आर्चीजने प्रत्येक नात्याला एक कार्ड आणि प्रत्येक भावनेला तयार वाक्य दिले. दुकानात जाऊन ‘सॉरी’चा कप्पा शोधायचा, की झाले. पुढे 2011 साली एअरटेलची ती गाजलेली जाहिरात आली, प्रत्येक मित्र जरुरी असतो म्हणणारी. मुलांच्या तोंडी ते गाणे महिनोन्‌महिने होते. गाणे गोड होते, नाकारत नाही. पण त्यातून शिकलो ते असे, की यादी जितकी लांब तितका माणूस श्रीमंत, आणि कोणी सुटता कामा नये. सुटता कामा नये ही भीती एकदा बसली, की आपण माणसे आठवत नाही, यादी पुरी करतो. खमतखामणा कधी ‘विश’ झाला ते आपल्या लक्षातच आले नाही. आता तर ‘हॅपी संवत्सरी’ म्हणणारेही भेटतात! उपवासाने डोळ्यांपुढे काजवे चमकत असतात आणि म्हणे हॅपी.

5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ सुरू झाले. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. म्हणजे चतुर्थीला संवत्सरी करणारे संवत्सरीत, आपण पंचमीवाले तिच्या उंबरठ्यावर, आणि सांगली-कोल्हापूरकडच्या दिगंबर भगिनींचे दशलक्षण दुसऱ्या दिवशी सुरू होणार. फुकट डेटा मिळाला आणि त्यानंतर हात जोडलेल्या चित्रांना सीमा राहिली नाही. मोरपीस, दिवा, कमळ, आणि खाली परिवाराचा फोटो. फोटोखाली दुकानाचे नाव आणि फोन नंबर. वर्तमानपत्रात बिल्डर पान घेऊन आपली क्षमा मागतो आणि त्याच पानावर टू बीएचकेचा दर असतो. चौकातल्या फ्लेक्सवर नगरसेवक क्षमा मागतात, रस्त्यातल्या खड्ड्यांचा उल्लेख नसतो. विनोदी वाटते खरे, पण आपणही घरबसल्या तेच करतो आहोत.

फॉरवर्डचे दुसरे टोक विसरू नका. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. अशा अफवा फोनवरूनच पसरत होत्या. त्या वर्षी देशभर असे बळी गेल्यावर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटपुढे फॉरवर्ड पाठवता येणार नाही असे केले. मोरपिसाचे चित्र पाठवताना ‘पाचच का?’ म्हणून आपण वैतागतो, त्यामागे हे आहे. न वाचता पुढे ढकलणारे बोट तेच असते. मुखवस्त्रिका बांधून वायुकायाच्या जीवांना जपणाऱ्या आपण, त्या बोटाचे पच्चक्खाण कोणी घेतल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

ज्या जास्त संदेश पाठवतात त्या ब्रॉडकास्ट लिस्ट करतात. एका लिस्टमध्ये 256 नावे बसतात, एकदा लिहिले की सर्वांना वेगवेगळे गेल्यासारखे जाते. पण ज्या माणसाच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला असेल, त्यालाच तो संदेश पोहोचतो. ज्याने रागाने तुमचा नंबर काढून टाकला आहे, त्याला काहीच मिळत नाही. तुमच्या फोनवर मात्र संदेश गेलेला दिसतो. म्हणजे ज्यांच्याशी गोड आहे त्या सगळ्यांना क्षमा मागून झाली, आणि ज्याच्यासाठी संवत्सरी होती तो एकटा राहिला!

आमच्या नात्यात दोन जावा आहेत. दुकानाच्या वाटणीवरून अकरा वर्षे बोलणे नाही. घराण्याच्या ग्रुपवर मात्र दोघी आहेत, आणि दर संवत्सरीला दोघी एकेक चित्र टाकतात. कधी कधी तर तेच चित्र. दोघींचे म्हणणे एकच: ‘मी तर मागितली बाई क्षमा, तिनेच उत्तर दिले नाही.’ उत्तर कोणत्या संदेशाला द्यायचे? ग्रुपवर चौऱ्याऐंशी माणसे. त्यात आपल्याला उद्देशून कोणते, हे त्या बिचारीने कसे ओळखावे? पूर्वी दारात उभी राहिली असती तर दार उघडावे लागले असते, किंवा लावून घ्यावे लागले असते. काहीतरी झाले असते.

गेल्या वर्षी मोठीची अठ्ठाई होती. पाचव्या उपवासाला ती नातवाला म्हणाली, काकीआजीला फोन लाव. त्याने लावला. नंबर बंद. चार वर्षांपूर्वीच बदलला होता म्हणे, आणि नवा घरात कोणाकडे नव्हता. ग्रुपवर बघून देतो, म्हणाला तो. ती नको म्हणाली. पारण्यानंतर तीन दिवसांनी ती घोडनदीच्या एसटीत बसली. पिशवीत फक्त मुगाच्या वड्यांचा डबा होता. धाकटीला त्या पूर्वी आवडत, आता आवडतात की नाही हे तिला ठाऊक नव्हते.