यूजर इंटरफेस प्रोटोटाइप
सॉफ्टवेअर लिहिण्याआधी त्याच्या स्क्रीनचा कच्चा नमुना वापरणाऱ्यांपुढे ठेवून आवश्यकता ठरवण्याची पद्धत. तोंडी मागण्या सांगताना माणूस रोजच्या सवयीच्या गोष्टी गृहीत धरतो. नमुना हाताळू लागला की ‘इथून मागे कसं जायचं?’ असे आपसूक विचारतो. स्कँडिनेव्हियातील यूटोपिया प्रकल्पात (१९८१–८५) वृत्तपत्रांच्या मुद्रण-कामगारांनी पुठ्ठ्याच्या खोक्याला लेझर प्रिंटर मानून, कागदी स्क्रीनपुढे बसून पानजुळणी कशी व्हावी हे करून पाहिले. पुठ्ठा स्वस्त, समजायला सोपा आणि कुणालाही बदलता येण्याजोगा. त्याचे खरे मोल यातच. फार गुळगुळीत नमुना मात्र फसवा ठरतो, कारण ग्राहकाला सॉफ्टवेअर तयारच झाल्यासारखे वाटते. वेग, सुरक्षितता, एकाच वेळी किती जण वापरणार, या गोष्टी स्क्रीनवर दिसत नाहीत. त्या वेगळ्या लिहून घ्याव्या लागतात.