०३२३३ : दोन समुद्रांमधला एक क्रमांक

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाची वाटणी चोख होते. चांदोलीच्या रानात धारेच्या पूर्वेला पडलेले पाणी वारणेत येते, आमच्या वारणानगरच्या शिवारांजवळून वाहत हरिपूरला कृष्णेत मिसळते आणि आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच धारेच्या पश्चिमेला, प्रचितगडाच्या अंगाला पडलेले पाणी शास्त्री नदीने जयगडच्या खाडीत उतरते आणि अरबी समुद्राचे होते. सागरी कासवांच्या अभ्यासातही अशीच एक रेषा बराच काळ मानली जात होती. पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी कासवे वेगळी, पश्चिम किनाऱ्यावरची वेगळी. २०२५ साली गुहागरच्या पुळणीवर सापडलेल्या एका क्रमांकाने ही समजूत हलवली. तो क्रमांक वाचला जाण्यामागे मात्र बराच मोठा इतिहास आहे.

ऑलिव्ह रिडले कासवाच्या बाबतीत दोन किनाऱ्यांचे चित्र खरोखरच भिन्न होते. ओडिशातील गहिरमाथा येथे एकाच वेळी हजारो माद्या अंडी घालायला वर येतात, ही गोष्ट १९७४ साली रॉबर्ट बस्टर्ड यांनी विज्ञानजगतापुढे आणली. देवी नदीच्या मुखाशी असलेली अशीच जागा १९८१ साली आणि ऋषिकुल्येची १९९४ साली नोंदवली गेली. कोकणात असे लोंढे नाहीत. इथे एखाद्या रात्री एखादी मादी येते, वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू सारखी करते आणि पहाटेच्या आत परत जाते. मागे राहतो तो फक्त वाळूवरचा माग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला संरक्षण दिले. पण माग वाचता येणाऱ्या माणसाने अंडी उकरून नेली, तर कायद्याला ते कळणार कसे? संशोधकांची नजर साहजिकच ओडिशाकडे राहिली.

कोकणातले चित्र पालटले ते २००२ पासून. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची पाहणी करत मंडणगड तालुक्यातील वेळास येथे आले होते. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासात ठाऊक असलेल्या या गावाच्या किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. तिथून संरक्षणाचे काम सुरू झाले. पद्धत साधी होती. पहाटे किनारा पायी तुडवायचा, माग शोधायचा, अंडी अलगद काढून कुंपण घातलेल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुरायची, तारीख आणि संख्या लिहून ठेवायची. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्ले वर आली की समुद्राकडे सोडायची. पुढे पिल्ले पाहायला पर्यटक येऊ लागले, गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, आणि अंड्यापेक्षा पिल्लाचे मोल गावाला अधिक वाटू लागले. हे लोण इतर किनाऱ्यांवर पोचले. वनविभागही यात उतरला आणि राखण करणारे ‘कासवमित्र’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

अंडी मोजली गेली, तरी ती घालणारी मादी कोण, हे त्यातून कळत नव्हते. त्यासाठी जनावराला खूण करावी लागते. अमेरिकी संशोधक आर्ची कार यांनी १९५५ पासून कोस्टारिकाच्या किनाऱ्यावर हिरव्या कासवांच्या वल्ह्यासारख्या पायांना धातूच्या क्रमांकित पट्ट्या लावल्या आणि त्या परत पाठवणाऱ्याला बक्षीस ठेवले. पट्टी फक्त दोन ठिकाणे सांगते : लावली कुठे आणि सापडली कुठे. मधली वाट सांगते ते उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन कक्षाने २०२२ च्या आरंभी कोकणात पाच माद्यांवर अशी यंत्रे बसवली. वेळासची पहिली म्हणून ‘प्रथमा’. २०२३ साली गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ कन्याकुमारी आणि श्रीलंका ओलांडून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा शंका पहिल्यांदा बळावली. पण ती तिकडे चरायला गेली असेल, असे म्हणायला जागा होती.

२७ जानेवारी २०२५ रोजी गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर पट्टी दिसली. क्रमांक ०३२३३. नोंद शोधता उलगडले, की भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे डॉ. बासुदेव त्रिपाठी आणि त्यांच्या चमूने १८ मार्च २०२१ रोजी ती पट्टी ओडिशात, सामूहिक विणीच्या वेळी लावली होती. म्हणजे एकाच मादीने दोन्ही किनाऱ्यांवर वीण केली. हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे मानले जाते. तिने गुहागरला १२० अंडी घातली आणि त्यांतून १०७ पिल्ले निघाली.

एका कासवावरून नियम बनत नाही. पण एका कासवाने गृहीतक मोडू शकते, आणि गणिती प्रारूपांच्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे. एका तळ्यातले शंभर मासे पकडून खूण करून सोडले. पुढच्या वेळी पकडलेल्या पन्नासांत पाच खुणेचे निघाले, तर तळ्यात हजारेक मासे असावेत, असा हिशेब निघतो. डॅनिश मत्स्यतज्ज्ञ पीटरसन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत आजही प्राणिगणनेच्या मुळाशी आहे. तिची एक मुख्य अट अशी : तळे बंद हवे. बाहेरून कोणी येऊ नये, आतून कोणी जाऊ नये. पूर्व आणि पश्चिम किनारे दोन वेगळी तळी धरून केलेल्या हिशेबाला ०३२३३ ने विचारलेला प्रश्न हाच आहे. बांध कुठेतरी फुटलेला असेल, तर किती पाणी इकडून तिकडे जाते? ओडिशासमोर ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून मेलेल्या मादीची उणीव कोकणच्या पुळणीवरही पडते का? एका राज्याने विणीच्या हंगामात मासेमारी रोखली आणि दुसऱ्याने किनाऱ्यावर दगडी बंधारा घातला, तर खाते कोणाचे रिकामे होते? याची उत्तरे मिळवायला एक पट्टी पुरणार नाही. दोन्ही किनाऱ्यांवर शेकडो पट्ट्या लावाव्या लागतील आणि त्या वाचाव्याही लागतील.

‘वाचणे’ हाच या इतिहासातला नाजूक दुवा आहे. ओडिशात पट्टी लावणारे तज्ज्ञ होते, संस्था होती, नोंदवही होती. पण ही मादी पंचवीस वर्षांपूर्वी कोकणात आली असती, तर तिचा क्रमांक पाहायला किनाऱ्यावर राखणदारच नसता. अंडी गेली असती आणि क्रमांक समुद्रात परतला असता. मोठ्या शास्त्रीय प्रश्नाला तोंड फुटले ते गावच्या पहाटेच्या फेरीमुळे. म्हणून कासवमित्रांचे मानधन ही संशोधनाच्या खर्चातली किरकोळ बाब नव्हे. किनाऱ्यावरची ही माणसे कमी झाली, तर उपग्रह आणि संगणक असूनही विदा येणार नाही.

त्या १०७ पिल्लांच्या पायांना पट्ट्या नाहीत. त्यांतली जी जगतील, त्यांतल्या माद्या दहा-पंधरा वर्षांनी अंडी घालायला कुठेतरी वर येतील. गुहागरला, गहिरमाथ्याला, कदाचित वारणेचे पाणी जिथे पोचते त्या कृष्णेच्या मुखाशीही. तिथेही ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. त्या रात्री किनाऱ्यावर कोणीतरी जागे असले पाहिजे.