खेळण्यातली आगगाडी कुणाच्या हातात?

फेब्रुवारीत परभणीचा उरूस भरला की आपल्या गावांकडून टेम्पो भरून बाया-लेकरं तिकडं निघतात. पाळणे, मौत का कुआ, बांगड्यांची दुकानं, खाजा. आणि खेळण्यांच्या दुकानात खाली फळकुटावर एक गोष्ट हमखास फिरत असते, सेलवर चालणारी आगगाडी. प्लास्टिकचा गोल रूळ, एक इंजिन, दोन डबे. लेकरू तिथून हलत नाही, आणि बऱ्याचदा आपणही हलत नाही. घरी आणलेली ती गाडी पोळ्यापर्यंत टिकली तर नशीब. रूळ चेपतो, चाक निखळतं, आणि दुसऱ्या दुकानातून आणलेला रूळ तिला बसत नाही.

हे न बसणं म्हणजे काय, ते आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. आपल्याकडं निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, हैदराबाद ते मनमाड रेल्वे आली. ती मीटरगेज होती, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर एक मीटर. आपण तिला छोटी लाईन म्हणायचो. मनमाडहून मुंबईकडं जाणारी मोठी लाईन मात्र साडेपाच फूट रुंदीची. त्यामुळं परभणीची गाडी मनमाडच्या पुढं जाऊच शकत नव्हती. माणसांनी उतरायचं, ट्रंक-वळकटी डोक्यावर घेऊन दुसरी गाडी गाठायची. मालाची पोती एका डब्यातून दुसऱ्यात टाकायची. १९९० च्या दशकात आपली लाईन मोठी झाली तेव्हा कुठं हा त्रास संपला. रुळाची रुंदी जुळली की सगळं जग जोडलं जातं, नाही जुळली की गाडी जागच्या जागी. खेळण्यातल्या आगगाडीची गोष्टसुद्धा इथूनच सुरू होते, आणि त्या गोष्टीत एक बाई आहे.

जर्मनी देशात गोपिंगेन नावाचं गाव आहे. तिथं थिओडोर मर्कलिन नावाचा पत्र्याची कामं करणारा कारागीर होता. १८५९ साली त्यानं आणि त्याच्या बायकोनं, कॅरोलिनानं, लहान मुलींसाठी पत्र्याची खेळणी करायला घेतली. बाहुलीच्या घरातली चूल, भांडी, पातेली. म्हणजे आपल्या भाषेत भातुकलीच. नवरा माल बनवायचा आणि कॅरोलिना तो विकायची. पेटी घेऊन ती दक्षिण जर्मनीत आणि शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये दुकानोदुकानी फिरायची. त्या काळी बाईनं असं परगावी माल विकत फिरणं सहसा दिसत नव्हतं.

१८६६ साली अपघातानंतर थिओडोर वारला. घरात लहान लेकरं, कारखाना नुकताच उभा राहिलेला. कॅरोलिनानं तो बंद केला नाही. तिनं दुसरं लग्न केलं, पण धंद्याला त्याचा फार आधार झाला नाही. वीस वर्षांहून जास्त काळ तिनं तो कारभार ओढला, आणि १८८८ साली तिच्या मुलांनी तो हातात घेतला. आपल्या गटातल्या कितीतरी जणी हे वाचताना मान हलवतील. नवरा गेल्यावर पिठाची गिरणी चालवणारी, शेळ्या सांभाळून लेकरांना कॉलेजला घालणारी बाई आपल्या प्रत्येक गावात आहे. पाटीवर नाव मुलाचं लागतं, आणि मधली वीस वर्षं कुणी लिहून ठेवत नाही.

आता गंमत बघा. भातुकलीचं गिऱ्हाईक एकदा येऊन थांबत नाही. या वर्षी चूल घेतली, पुढच्या वर्षी ताटं, त्याच्या पुढच्या वर्षी पाण्याचा हंडा. घर वाढत जातं, खेळ वाढत जातो. मर्कलिनच्या मुलांनी हीच रीत आगगाडीला लावली. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी चावीची आगगाडी मांडली. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा रूळ, आणि त्या रुळांची रुंदी ठरवून दिलेली. त्या रुंदीला त्यांनी नंबर दिले. एक नंबरचा डबा एक नंबरच्याच रुळावर बसणार, मग तो आज घ्या नाहीतर पाच वर्षांनी. यंदा इंजिन आणि गोल रूळ, पुढच्या सणाला दोन डबे, मग स्टेशन, मग पूल. जगभरात आजही खेळण्यातल्या रेल्वे याच हिशोबानं वाढवल्या जातात. मुलींच्या भातुकलीतून निघालेली ही अक्कल आहे.

मग वीज आली. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात जोशुआ लायोनेल काउएन नावाच्या तरुणानं १९०० च्या सुमारास दुकानाच्या काचेमागं विजेवर फिरणारी एक छोटी गाडी ठेवली. लाकडी खोक्यासारखा डबा, खाली मोटर. लोकांनी थांबावं आणि दुकानातला दुसरा माल बघावा, एवढाच हेतू. पण लोक मालाऐवजी ती गाडीच मागायला लागले. त्यातून लायोनेल ही मोठी कंपनी उभी राहिली. पुढं १९३५ साली मर्कलिननं टेबलावर मावेल अशी, साडेसोळा मिलिमीटर रुळाची छोटी विजेची गाडी काढली. आज सगळ्यांत जास्त चालणारा आकार त्याच रुंदीचा आहे. त्यात खरी गाडी सत्त्याऐंशी पटीनं लहान केलेली असते. आपल्या रेल्वेचा जुना निळा डबा साधारण २१ मीटर लांब असतो. तो सत्त्याऐंशी पटीनं लहान केला की २४ सेंटिमीटर होतो, म्हणजे वीतभर.

ही गाडी चालते कशी, हे मला आधी कळत नव्हतं. लेकरांना शॉक बसेल म्हणून मी घाबरायचे. पण ते सोपं आहे. आपल्या भिंतीतल्या बटणात २३० व्होल्टची वीज असते. एक डबी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ती उतरवून साधारण १२ व्होल्टवर आणते. त्या डबीतून दोन वायरी निघतात. एक एका रुळाला, दुसरी दुसऱ्या रुळाला. एका रुळातून वीज चाकात चढते, मोटरीतून फिरून पलीकडच्या चाकानं दुसऱ्या रुळात उतरते. डबीवरची खुंटी फिरवली की वीज कमी-जास्त होते आणि गाडी हळू किंवा जोरात पळते. खुंटी उलटी केली की विजेची दिशा बदलते आणि गाडी मागं येते. धोका रुळात नसतो, भिंतीकडच्या वायरीत असतो. म्हणून ती वायर फाटकी नको, आणि ती डबी उघडून जोडाजोड करायची नाही. आणि गाडी मधेच थांबली, तर दहातल्या आठ वेळा कारण धूळ असतं. धूळ बसली की चाक आणि रूळ यांची भेट होत नाही.

एवढं सोपं असून हा खेळ मुलींच्या हातात आला नाही. लायोनेलच्या जुन्या जाहिराती म्हणजे बाप आणि मुलगा. बाप गुडघ्यावर बसलेला, मुलगा खुंटी फिरवतोय. आई, बहीण असलीच तर मागं उभी राहून बघतेय. १९५७ साली कंपनीला वाटलं, मुलींनाही विकावं. मग त्यांनी काय केलं? गुलाबी इंजिन काढलं, आणि मागं फिक्या निळ्या, पिवळ्या अशा रंगांचे डबे लावले. ती गाडी दुकानातच पडून राहिली. ज्या मुलीला आगगाडी पाहिजे होती तिला खरी वाटणारी, काळी, धूर सोडणारी आगगाडी पाहिजे होती. तिला रंग नको होता, खुंटी पाहिजे होती. त्या न खपलेल्या गाड्यांना आज जुन्या वस्तू जमवणारे मोठी किंमत देतात, ती वेगळी गोष्ट.

आपल्या महाराष्ट्रात ही रेल्वे बघायची असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी लहानपणापासूनचा छंद आयुष्यभर जपला आणि १ एप्रिल १९९८ ला हे संग्रहालय उघडलं. त्यांच्या मागं घरच्यांनी ते चालू ठेवलं. आमच्या गटाच्या बाया एकदा पुण्याला प्रदर्शनात पापड, चटण्या आणि करडईचं तेल विकायला गेल्या होत्या. परतीच्या दिवशी अर्धा दिवस हातात होता, तेव्हा आम्ही तिथं गेलो. एका खोलीत अख्खं गाव मांडलंय. सिग्नल, बोगदे, डोंगर, सर्कशीचा तंबू. कोळशाचं इंजिनही पळतं आणि नवी गाडीही. मग दिवे मालवतात आणि त्या गावात रात्र होते, खिडक्या उजळतात. आमच्यातली एक पूर्णेची मावशी, तिचा सासरा इंजिनात कोळसा टाकायचा, ती पुटपुटली, "माय, ह्यांनी तर आमची पूर्णाच मांडली की." पूर्णा जंक्शनच्या बाईला आगगाडी काय नवी? पण सासऱ्यानं जन्म काढला ते यंत्र तिनं पहिल्यांदा वरून, सगळं एका नजरेत बघितलं होतं.

तिथून आल्यावर आमच्या घरातही गाडी आली. मुंबईच्या दिरांनी कुणाकडून तरी जुनी घेतलेली. एक इंजिन, तीन डबे, गोल रूळ आणि डबी. आणि इथं माझी चूक सांगते. घरात मुलगा सहावीला, मुलगी चौथीला. मी खुंटी मुलाच्या हातात दिली आणि मुलीला म्हणाले, "तू बस, बघ." गटाच्या बैठकीत मुलगा-मुलगी एकसमान असं मीच बोलते. तरी हात आपोआप तिकडंच गेला. आठ दिवसांत गाडी एका जागी अडायला लागली. मुलानं धक्के मारले, मग कंटाळून बाहेर क्रिकेटला गेला. मुलगी तिथंच बसून राहिली. तिनं इंजिन उचलून दुसऱ्या जागी ठेवलं, चाललं. पुन्हा त्याच जागी अडलं. मग ती मला म्हणाली, "आई, इंजिन चांगलंय, इथला सांधा सैल झालाय." आठ दिवस ती नुसतं बघतच होती ना! तिला कुठं काय अडतं ते पाठ झालं होतं. सांधा दाबून बसवला, फडक्यानं रूळ पुसले, गाडी सुरू झाली. त्या दिवसापासून आमच्याकडं पाळी ठरली आहे, भांडणं होतात ती पाळीवरून होतात.

कुणाला घरी सुरुवात करायची असेल तर माझ्या अनुभवाचे चार शब्द. पहिल्यांदा सगळं घेऊ नका. एक इंजिन, दोन-तीन डबे, गोल रूळ आणि डबी, बस. विजेची चांगली गाडी स्वस्त नाही, हजारांत जाते. म्हणून जुनी मिळाली तरी बघा, पण दुकानात किंवा देणाऱ्याच्या घरी ती चालवून दाखवायला सांगा. रुळाची रुंदी विचारून वहीत लिहून ठेवा, म्हणजे पुढं घेतलेलं सामान फुकट जाणार नाही. आपल्या काळ्या मातीच्या धुळीत गाडी जमिनीवर मांडू नका. चार फूट लांब-रुंद फळी पाटावर किंवा खाटेवर ठेवा आणि रूळ तिच्यावर मांडा. खेळ झाला की चादर झाका. बाकी गाव विकत आणायची गरज नाही. काडेपेट्यांची घरं, वहीच्या पुठ्ठ्याचं स्टेशन, ज्वारीच्या धाटाचं कुंपण, आणि पाटीवर आपल्या गावाचं नाव. हे लेकरं करतात, आणि त्यात खेळापेक्षा जास्त वेळ रमतात. एका घराला परवडत नसेल तर चार घरांनी मिळून घ्यावी, जशी आपण गटात शेवयांची मशीन घेतो. पाळीची वही ठेवावी आणि तीत मुलींची नावं वर लिहावीत.

कुणी म्हणेल, ताई, खेळण्यावर एवढं बोलायचं काय कारण? कारण असं की साताऱ्याच्या सुरेखा यादव आपल्या देशातल्या पहिल्या महिला रेल्वे इंजिनचालक झाल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्या सहायक चालक म्हणून लागल्या. २०११ च्या महिला दिनी त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत. देशात रेल्वे सुरू झाली १८५३ साली. बाईच्या हातात ती खुंटी यायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला. इंजिन बाईला ओढत नव्हतं असं नाही. तिला कुणी तिथं बसवलंच नव्हतं.

पुढच्या उरुसात खेळण्यांच्या दुकानापुढं उभ्या राहाल तेव्हा दुकानदार गाडी मुलापुढं करेल आणि मुलीपुढं बाहुली. त्या वेळी आधी पोरीला विचारा, तुला काय पाहिजे. ती बाहुलीच म्हणाली तर बाहुली घ्या, त्यात काही वाईट नाही. पण विचारा. बरं, आजची बैठक इथंच थांबवते.