बटण आणि निर्णय

पडद्यावरचे बटण एकीकडे आणि ते दाबल्यावर काय करायचे हा निर्णय दुसरीकडे, ही फारकत वेब अॅप्लिकेशनांत रुजली ती तत्त्वापेक्षा चाचणीच्या अडचणीमुळे. ट्रिग्वे रीन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर ही रचना मांडली, तेव्हा वापरणाऱ्याच्या मनातली माहिती त्याला थेट हाताळता यावी, हा हेतू होता. चाचणीची अडचण पुढे आली ती नंतर. २००६ मध्ये गूगल वेब टूलकिट आले. जावात लिहायचे, ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट चालायची. पण विजेटला, म्हणजे बटणासारख्या पडद्यावरच्या घटकाला, हात लावणारी चाचणी ब्राउझरसारखे वातावरण उभे केल्याशिवाय चालेना, आणि ती रेंगाळे. म्हणून २००९ पासून गूगलच्याच व्यासपीठावरून मॉडेल-व्ह्यू-प्रेझेंटरचा पुरस्कार झाला. प्रेझेंटरला खरे बटण दिसतच नाही, फक्त एक इंटरफेस दिसतो. चाचणीत त्याच्या हाती नकली पडदा द्यायचा, ‘सेव्ह’ दाबल्याचे सोंग करायचे, की काम झाले.

यावर आक्षेप असा की रिअॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीने २०१३ मध्ये मार्कअप आणि कोड पुन्हा एकत्र आणले, मग ही फारकत फुकटच गेली. तसे नाही. रिअॅक्टचा कंपोनंट पडद्याचे फक्त वर्णन देतो. प्रत्यक्ष पडद्याला हात लावते ती लायब्ररी. सीमारेषा सरकली, पुसली गेली नाही. फायलींचा पसारा वाढतो, ही तक्रार मात्र खरी; चार रकान्यांच्या फॉर्मला प्रेझेंटर लावणे हा शुद्ध अतिरेक आहे.