चोवीस मजले की बारा? : फॉरेस्ट हिल्सचा गृहनिर्माण-संघर्ष (१९६६–१९७५)

१/
नोव्हेंबर १९७१. न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील फॉरेस्ट हिल्स ही वस्ती. १०८व्या रस्त्यालगतच्या सुमारे साडेआठ एकरांच्या मोकळ्या भूखंडावर बांधकामाला नुकताच आरंभ झाला होता. एका संध्याकाळी शेकडो रहिवासी तेथे जमले. आधी घोषणा झाल्या, मग दगड आले, आणि अखेर बांधकामाच्या कचेऱ्यांवर पेटते पलिते भिरकावले गेले. जमलेली मंडळी सराईत दंगेखोर नव्हती. बहुतेक जण मध्यमवर्गीय ज्यू कुटुंबांतले, एरवी कायद्याच्या चौकटीत राहणारे लोक होते.

२/
संतापाचे कारण होते त्या भूखंडावरचे नियोजित तीन मनोरे. प्रत्येकी २४ मजले, मिळून ८४० घरे, आणि ती सारी अल्प उत्पन्न गटासाठी. पुढची काही वर्षे हा वाद न्यायालयात, महापौरांच्या दालनात आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारातही गाजला. आपल्या परिसरात काय बांधले जावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? आणि इमारतीच्या उंचीविषयी बोलणारे लोक खरोखर उंचीविषयीच बोलत असतात का? हे दोन प्रश्न या प्रकरणाने अमेरिकेपुढे उभे केले.

३/
या प्रश्नांची मुळे जुनी आहेत. १९१६ साली न्यूयॉर्कने संपूर्ण शहराला लागू होणारी विभागीकरणाची नियमावली केली. कोणत्या भागात कोणता वापर चालेल आणि इमारती किती उंच, किती मागे सरकलेल्या असाव्यात, हे ती ठरवू लागली. १९२६ साली ओहायो राज्यातील युक्लिड गावच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांना मान्यता दिली. त्या निकालपत्रात न्या. सदरलँड यांनी स्वतंत्र बंगल्यांच्या वस्तीत शिरणाऱ्या सदनिकांच्या इमारतीला बांडगुळाची उपमा दिली होती. इमारतीच्या आकाराचा नियम आणि तिच्यात राहणाऱ्या माणसांविषयीचे मत यांची गाठ तेव्हापासूनच पडलेली होती.

४/
१९३७च्या कायद्याने केंद्र सरकारच्या पैशातून गरिबांसाठी घरे बांधण्याची वाट खुली झाली. न्यूयॉर्कच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने त्या बळावर हजारो घरे उभारली. पण पुढे यातली बहुतेक घरे आधीच गरीब असलेल्या वस्त्यांमध्येच बांधली जाऊ लागली. झोपड्या पाडायच्या आणि त्याच जागी मनोरे उभे करायचे, असा तो क्रम होता. परिणामी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोहून आलेली कुटुंबे विशिष्ट भागांतच कोंडली गेली. नागरी हक्कांच्या चळवळीने नेमक्या याच कोंडीवर बोट ठेवले.

५/
जॉन लिंडसे १९६६च्या जानेवारीत महापौर झाले. गरिबांची घरे शहरभर विखरून, मध्यमवर्गीय भागांतही बांधायची, हे त्यांचे धोरण होते. गरीब घरातल्या मुलाला चांगली शाळा, सुरक्षित रस्ता आणि जवळ रोजगार हवा असेल, तर त्याचे घर तशा भागातच असायला हवे, असा त्यामागचा विचार होता. तो न्याय्य होता. पण अशी इमारत आपल्याच दारासमोर यावी, असे म्हणणारी वस्ती काही मिळेना.

६/
पहिली निवड झाली ती क्वीन्समधल्याच कोरोना या भागाची. लहान घरांची, प्रामुख्याने इटालियन वंशाच्या लोकांची ही वस्ती होती. तिथे विरोध होताच अदलाबदल ठरली : घरे फॉरेस्ट हिल्सला न्यायची आणि कोरोनात शाळा बांधायची. मात्र या शाळेसाठी आणि तिच्या मैदानासाठी कोरोनातली ६९ घरे पाडावी लागणार होती. एका वस्तीची नाराजी टाळण्याच्या खटपटीत शहराने दोन वस्त्यांचा रोष ओढवून घेतला.

७/
कोरोनाच्या घरमालकांचे वकीलपत्र घेतले ते मारिओ कुओमो या तरुण वकिलाने. त्यांचे स्वतःचे बालपण क्वीन्समध्ये, इटालियन स्थलांतरित आईवडिलांच्या किराणा दुकानाच्या सावलीत गेले होते. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १९७०च्या अखेरीस तडजोड होऊन त्यांतली बरीच घरे वाचली. पुढे न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होणारे हे कुओमो फॉरेस्ट हिल्सच्या कथेत लवकरच परतणार होते.

८/
फॉरेस्ट हिल्सचा स्वतःचा इतिहासही बोलका आहे. लोहमार्गाच्या दक्षिणेला ‘फॉरेस्ट हिल्स गार्डन्स’ ही नियोजित वसाहत आहे. १९०९पासून रसेल सेज प्रतिष्ठानने ती उभारली. वास्तुकार ग्रॉव्हनर ॲटरबरी आणि नियोजक फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) यांनी तिची रचना केली. बेताच्या उत्पन्नाच्या लोकांनाही सुंदर परिसरात राहता यावे, हा मूळ हेतू होता. प्रत्यक्षात घरे महाग पडली आणि वसाहत सधनांची झाली. घरांचे बाह्यरूप बदलायचे तर संस्थेची संमती घेण्याची अट खरेदीखतांतच होती. रचनेवर देखरेख ठेवण्याची रीत या भागात अशी आरंभापासून रुजलेली होती.

९/
त्याच भागात वेस्ट साइड टेनिस क्लब होता. १९५९ साली नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी राल्फ बंच यांच्या मुलाला क्लबने प्रवेश नाकारला. कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना येथे सदस्यत्व दिले जात नाही, हे त्या निमित्ताने उघड झाले. देशभर टीका झाल्यावर क्लबला माघार घ्यावी लागली. ज्या ज्यू समाजाला त्या क्लबचे दार बंद होते, त्याच समाजातील अनेक कुटुंबे बारा वर्षांनंतर १०८व्या रस्त्यावर इतरांच्या वाटेत उभी ठाकली.

१०/
ही विसंगती दाखवून त्यांना केवळ ढोंगी ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांतल्या कित्येकांनी ब्रुकलिन आणि ब्राँक्समधल्या आपल्या जुन्या वस्त्या डोळ्यांदेखत खचताना पाहिल्या होत्या. काही जण युरोपातल्या संहारातून जीव वाचवून आलेले होते. आयुष्याची पुंजी मोडून त्यांनी येथे घर केले होते. शहरात गुन्हे वाढत होते, शाळा भरलेल्या होत्या आणि पुन्हा बिऱ्हाड हलवण्याचे वय उरले नव्हते. भीती खरी होती. तिच्या मुळाशी काय होते, हा स्वतंत्र प्रश्न होता आणि त्याचे उत्तर प्रत्येक घरात सारखे नव्हते.

११/
मग २४ मजलेच का? त्याचे उत्तर जमिनीत होते. भूखंड मोकळा राहिला होता तो दलदलीमुळे. तेथे पाया घालायचा तर खोलवर खांब ठोकणे भाग होते आणि ते खर्चिक होते. केंद्राच्या अनुदानाला खर्चाची मर्यादा होती. पायाचा वाढीव खर्च जितक्या अधिक घरांवर विभागला जाईल, तितका दरघराचा आकडा खाली येणार. म्हणून घरे वाढली आणि घरांबरोबर मजले वाढले. ही उंची हिशेबाच्या वहीतून आली होती. आजूबाजूच्या रस्त्याशी, उन्हाशी, मुलांच्या खेळण्याशी तिचा मेळ बसतो का, हा विचार मागे पडला.

१२/
रहिवाशांनी न्यायालयात नेमका हाच धागा पकडला. १९६६ साली शहराच्या ‘बोर्ड ऑफ एस्टिमेट’ने मंजूर केलेला आराखडा आणि प्रत्यक्षात बांधला जाणारा आराखडा यांत मोठा फरक आहे, तेव्हा तो पुन्हा मंजुरीसाठी ठेवावा, अशी त्यांची मागणी होती. खालच्या न्यायालयाने ती उचलून धरली. वरच्या न्यायालयांनी १९७२ साली तो निर्णय फिरवला. कायद्याच्या दृष्टीने प्रकल्पाचा मार्ग मोकळा झाला, राजकारणाच्या दृष्टीने मात्र नाही.

१३/
लिंडसे त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी फ्लोरिडात प्रचार करत होते. विरोधकांनी तेथेही त्यांची पाठ सोडली नाही. लिंडसे म्हणजे ‘त्सुरिस’, अशा आशयाचा फलक मागे बांधून एक विमान मायामीच्या आकाशात फिरवले गेले. यिद्दिश भाषेत ‘त्सुरिस’ म्हणजे डोक्याला ताप. एका भूखंडाचा वाद दोन हजार किलोमीटरांवरच्या मतदारांपर्यंत पोहोचला. एप्रिल १९७२मध्ये लिंडसे यांनी स्पर्धेतून माघार घेतली.

१४/
मे महिन्यात त्यांनी कुओमो यांना तोडगा शोधण्यासाठी नेमले. कुओमो दोन महिने सर्वांना भेटत राहिले : संतापलेले रहिवासी, प्रकल्पाचे पाठीराखे, अधिकारी, धर्मगुरू. रोजच्या अनुभवांची नोंद त्यांनी ठेवली. ती १९७४ साली ‘फॉरेस्ट हिल्स डायरी’ या नावाने प्रसिद्ध झाली. एखाद्या मध्यस्थाने चालू वादाचे इतके जवळून ठेवलेले टिपण विरळाच.

१५/
जुलै १९७२च्या अहवालात त्यांची शिफारस आली : मनोरे तीनच, पण २४ऐवजी १२ मजले, ८४०ऐवजी ४३२ घरे, त्यांतली सुमारे ४० टक्के वृद्धांसाठी. प्रकल्प रद्द होणार नव्हता, पण निम्मा होणार होता. त्यात क्वीन्सचे विभागप्रमुख डोनाल्ड मेन्स यांनी एक कल्पना जोडली. ही घरे भाड्याने न देता सहकारी संस्थेच्या रूपाने द्यावीत, म्हणजे राहणाऱ्यांनाही आपलेपणा वाटेल आणि शेजाऱ्यांनाही दिलासा मिळेल.

१६/
तडजोड कोणालाच रुचली नाही. कडव्या विरोधकांना बारा मजलेही जास्त होते. गृहनिर्माण प्राधिकरणाचे अध्यक्ष सिमियन गोलार स्वतः कृष्णवर्णीय होते. दबावापुढे झुकून गरिबांची घरे कापणे त्यांना मान्य नव्हते. तरीही ऑक्टोबर १९७२मध्ये बोर्ड ऑफ एस्टिमेटने सुधारित आराखडा स्वीकारला.

१७/
उंचीच्या आक्षेपाला त्याच वर्षी विद्वत्तेचे पाठबळही मिळाले. वास्तुकार ऑस्कर न्यूमन यांचे ‘डिफेन्सिबल स्पेस’ हे पुस्तक १९७२ साली आले. ब्रुकलिनमध्ये रस्त्याच्या दोन बाजूंना असलेल्या दोन सार्वजनिक वसाहतींची त्यांनी तुलना केली : बुटक्या इमारतींची ब्राउन्सव्हिल आणि उंच मनोऱ्यांची व्हॅन डाइक. रहिवासी सारखेच, पण मनोऱ्यांत गुन्हे अधिक, असा त्यांचा निष्कर्ष होता. सेंट लुइसमध्ये प्रुइट-आयगो वसाहतीच्या इमारती पाडायला सुरुवात झाली तीही याच वर्षी. मनोरा ही गरिबांसाठी चांगली रचना नाही, हे म्हणणे निराधार नव्हते.

१८/
पण खरा पेच येथेच आहे. रचना वाईट असेल, तर उपाय चांगली रचना हा असायला हवा. उंची कमी करून तेवढीच घरे दुसऱ्या बुटक्या इमारतींत, त्याच भागात बांधता आली असती. तसे कोणी मागितले नाही. मजले निम्मे झाले आणि घरेही जवळपास निम्मी झाली. वजाबाकी सोपी आहे : ८४० उणे ४३२, म्हणजे ४०८ घरे. त्या ४०८ कुटुंबांतले कोणीही सभेत उठून बोलले नव्हते, कारण ती अजून तेथे राहायला आलेलीच नव्हती.

१९/
न्यूयॉर्कमध्येच या विरोधाचे वेगळे रूपही दिसले होते. १९६१ साली वेस्ट व्हिलेज हा भाग पुनर्विकासासाठी काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जेन जेकब्स आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी तो हाणून पाडला. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. एकाही रहिवाशाला न हलवता, मोकळ्या जागांवर पाच मजली इमारती बांधण्याचा स्वतःचा आराखडा त्यांनी मांडला. अनेक वर्षांच्या रखडपट्टीनंतर ४२० घरांचे ‘वेस्ट व्हिलेज हाउसेस’ १९७०च्या दशकाच्या मध्यास पूर्ण झाले. तेथे परिसराने नकार दिला, आणि घरेही दिली.

२०/
फॉरेस्ट हिल्सच्या इमारतींत १९७५ साली लोक राहायला आले. भाकीत केलेला अनर्थ घडला नाही. वस्ती ओस पडली नाही, मध्यमवर्ग पळून गेला नाही. याचे दोन अर्थ लावले जातात. प्रकल्प निम्मा केल्यामुळेच तो पचला, असे एक मत. भीतीच अवास्तव होती, हे दुसरे. इतिहास एकदाच घडतो, त्यामुळे ८४० घरांचे काय झाले असते, हे पडताळून पाहण्याची सोय नाही.

२१/
दूरगामी परिणाम मात्र स्पष्ट आहेत. जानेवारी १९७३मध्ये निक्सन सरकारने गृहनिर्माणाची केंद्रीय अनुदाने गोठवली. विरोधाच्या धसक्याने आधीच लंगडे झालेले ‘विखुरलेल्या घरां’चे धोरण मागे पडले. १९७५ साली शहराची सनद बदलली आणि मोठ्या प्रकल्पांसाठी ठरावीक मुदतीची आढावा-प्रक्रिया आली : आधी स्थानिक मंडळापुढे सुनावणी, मग नियोजन आयोग, मग अंतिम निर्णय. लोकांना पूर्वी दगड मारून जे सांगावे लागले, ते सांगण्यासाठी व्यासपीठ मिळाले. ही लोकशाहीची कमाईच होती.

२२/
मात्र त्या व्यासपीठावर येतो तो आधीच त्या परिसरात राहणारा. पन्नास वर्षांनी घरटंचाईने त्रासलेल्या न्यूयॉर्ककरांनी नोव्हेंबर २०२५च्या मतदानात परवडणाऱ्या घरांच्या मंजुरीची वाट आखूड करणारे प्रस्ताव स्वीकारले. ज्या भागांनी अशी घरे सर्वांत कमी बांधली, तेथे विशेष जलद मार्ग ठेवण्याची तरतूदही त्यांत आहे.

२३/
१०८व्या रस्त्यावरचे तीन मनोरे आजही बारा मजल्यांवर थांबलेले आहेत. खाली राहणाऱ्यांची बाजू कुओमो यांच्या डायरीत पानोपानी सापडते, आणि ती वाचायलाच हवी. तेराव्या मजल्यापासून वर जी कुटुंबे राहिली असती, त्यांची नोंद मात्र कोठेच नाही.